जोडीची भाकरी

श्रीशैलला चालत जायची आमच्या गल्लीची पद्धत जुनी आहे. पाडव्याला तिथं पोचायचं, म्हणून फाल्गुनात उन्हं तापायला लागली की सोलापूर सोडायचं. सामान टेम्पोत, माणसं पायी. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी करत जिल्हा संपतो, मग कर्नाटक, मग तेलंगण, शेवटी जंगल आणि कृष्णा. निघायच्या सकाळी देवळासमोर जोड्या लावतात. जोडीनं शेजारी शेजारीच चालायला हवं असं नाही, पाय ज्याचे त्याचे. पण सावलीला किंवा मुक्कामाला जो आधी पोचेल त्यानं एक कडक भाकरी मोडायची, दोन्ही अर्ध्या फडक्यावर मांडायच्या आणि जोडीदाराची वाट बघायची. तो येऊन बसेपर्यंत घास तोंडात घालायचा नाही. बाकी नियम फारसे नाहीत.

माझी जोडी शरणबसवशी लागली. हा जथा दरवर्षी शिवलिंगप्पा नेतात. त्यांनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

"विरेश आन् शरणू," ते म्हणाले, "हे तर शाळेपासनं जोडीच हाय की."

ते खरं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं नव्हतं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या कारखान्यात चेकर आहे. चादर उजेडात धरायची. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खडूनं गोल करून बाजूला टाकायची. इतकी वर्षं हेच करून माझी नजर बिघडली आहे. माणूस समोर आला तरी मला आधी डाग दिसतो. आणि शरणूत डाग शोधावे लागत नव्हते. आमच्याच गल्लीत त्याची पिठाची गिरणी. अवाढव्य देह, फेंगडे पाय, एक टाच कायम दुखरी. पोट पट्ट्यावरून खाली ओघळलेलं. पट्टा रुंद, कातडी, आणि त्याचं शेवटचं भोक ताणून ताणून चिरेसारखं झालेलं. जन्म गिरणीच्या घरघरीत गेल्यामुळं तो कानात सांगायची गोष्टही गल्लीला ऐकू जाईल अशी सांगायचा. कितीही अंघोळ केली तरी कानामागं पीठ उरायचंच, आणि जवळ बसलं की ताज्या दळणाचा कोमट वास यायचा.

"श्रीशैल येईपर्यंत पट्ट्याचं एक भोक तरी आत गेलं पायजे बे," तो निघताना म्हणाला. "दानेश्वरीला शब्द दिलाय."

दानेश्वरी, त्याची बायको, तिथंच उभी होती. तिनं माझ्या हातात गोळ्यांची पट्टी दिली.

"अण्णा, ही दुपारची. छातीची. जेवल्यावरच द्यायची, उपाशीपोटी न्हाय चालत म्हणालेत डॉक्टर. त्यांच्याजवळ दिली तर इसरतात. तुमी ठेवा. आन् त्यांना एकटं सोडू नका."

"मी आहे की," मी म्हणालो.

शरणूची आई गंगम्मा ओट्यावर बसली होती. तिला आता फारसं दिसत नाही, आवाजावरून ओळखते. आम्ही शाळेतून यायचो तेव्हापासून तिचा पहिला प्रश्न ठरलेला. त्या सकाळीही तिनं माझा हात धरून तोच विचारला. "ऊटा आतेनो?" जेवण झालं का रे?

पहिले दोन दिवस बरे गेले. पहाटे निघायचं, ऊन चढलं की सावली धरायची, उतरल्यावर पुन्हा चालायचं. मुक्कामाला मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं, सुईदोऱ्यानं फोड फोडायचे, धुतलेली बनियनं टेम्पोला वाळत टाकायची. मला चालणं जमत होतं. पन्नाशीत असूनही मी पुढच्या टोळीत होतो, आणि ते कुणी बोलून दाखवलं की मला बरं वाटायचं. बोलून दाखवणारा म्हणजे ऋतुराज. चिंचोळी एमआयडीसीत इंजिनिअर, तिशीतला, पायात भारी बूट. त्याची जोडी शिवलिंगप्पांशी होती, पण अप्पा बरंचसं टेम्पोबरोबरच असायचे, त्यामुळं वाटेत तो माझ्यासोबत चालायचा.

शरणू मागं असायचा. वस्ती दिसली की वळायचा, ओळख नसताना अंगणात बसायचा, ताक, कलिंगडाची फोड, काहीबाही घेऊनच बाहेर यायचा. आणि जाईल तिथं माझं कौतुक. "हा माजा दोस्त. चादरीतला एक धागा तुटला तरी सांगतो!" लोक हसून माझ्याकडं बघायचे. मी बुटाची नाडी बांधत बसायचो.

अक्कलकोट सोडल्यावर एका एसटी थांब्याजवळ हातपंप होता. शरणूनं शर्ट काढला आणि भर रस्त्यात, मोठ्यानं कन्नड भक्तिवचन म्हणत, अंगावर पाणी घ्यायला सुरुवात केली. थांब्यावरच्या कॉलेजच्या पोरी तोंडावर ओढणी घेऊन हसत होत्या.

"ते तुमचे मित्र का काका?" ऋतुराजनं विचारलं.

"छे," मी म्हणालो. "आमच्या गल्लीतला गिरणीवाला. अप्पांनी गळ्यात मारलाय."

वळलो तर शरणू मागं उभा होता. केसांतून पाणी गळत होतं. त्याच्या हातात माझी बाटली होती, भरलेली.

"घे बे," तो म्हणाला. "लई गार हाय."

गिरणीमुळं त्याला कमी ऐकू येतं, असं मी स्वतःला सांगितलं. चालता चालता बऱ्याच वेळा सांगितलं.

मैंदर्गीकडं जाणारी डांबरी सोडून आम्ही शेतातली गाडीवाट धरली होती. ज्वारी काढून झालेली, सगळीकडं धसकटं. नजर जाईल तिथवर सपाट काळं रान आणि वर पांढरं पडलेलं आभाळ. मधे एकच चिंच. तिच्याखाली आम्ही दुपारी टेकलो. शरणूनं फडकं पसरलं, भाकरी मोडली, दोन्ही अर्ध्या मांडल्या, शेंगाचटणी काढली. मग कमरेवर हात ठेवून लांबवर बघितलं. आडबाजूला एक पत्र्याची वस्ती होती.

"थांब बे. तुला कोरडी भाकरी गिळत न्हाय. ताक घिऊन आलो."

फेंगडे पाय टाकत तो गेला. त्याच्या चपला टायरच्या, नक्षीचे ठसे मातीत उमटत गेले. ऋतुराज उभ्यानंच पाणी प्यायला, घड्याळ बघितलं.

"काका, ऊन वाढतंय. ते काय आता तासभर गप्पा मारत बसणार. तुम्ही येताय का?"

मला भूक लागली होती. मी माझी अर्धी उचलली आणि खाल्ली. चटणीसकट, चिंचेला टेकून, शांतपणे. मग पिशवी खांद्याला लावली. शरणूची अर्धी फडक्यावर तशीच होती. तिच्यावर मुंग्या चढू नयेत म्हणून फडक्याचं टोक तेवढं दुमडलं. मोठाच उपकार केल्यासारखं.

"पुढं भेटेल तो," मी म्हणालो.

बरंच अंतर गेल्यावर खिशात हात गेला तेव्हा गोळ्यांची पट्टी लागली. मी थांबलो. ऋतुराज वळून बघायला लागला. परत फिरायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण त्याच्यासमोर गिरणीवाल्याची गोळी घेऊन उलटं पळायची मला लाज वाटली.

"काही नाही," मी म्हणालो. "खडा गेला बुटात."

पुढं ऋतुराजचा वेग मला झेपेना. तो पुढं निघून गेला आणि मी एकटाच उरलो. वाट एकच होती. दोन्हीकडं उघडं रान, गुडघ्याएवढंही झुडूप नाही. मागं वळून बघितलं तर चिंच बारीक दिसत होती आणि वाटेवर कुणी नव्हतं.

संध्याकाळच्या आधी एक वस्ती लागली. अंगणात बाज, शेळी, आणि दारात एक म्हातारी. नंतर कळलं, तिचं नाव काशम्मा. मला बघून ती उठली.

"तुमीच व्हय विरेश?"

मी हो म्हणालो.

"बसा की. जोडीदार तुमचा आत्ताच गेला बगा तुमाला हुडकायला. लई वाट बगितली त्यानं."

बाजेवर फडकं पसरलं होतं. त्यावर मोडलेली भाकरी, दोन्ही अर्ध्या. चटणी. शेजारी ताकाचा तांब्या, वर ओलं कापड. फडकं शरणूचं होतं, मी टोक दुमडलेलं.

"कुठल्या बाजूनं गेला?"

"तुमी आला त्याच वाटनं की. गाठ न्हाय पडली?"

"तो इथं आला कसा?"

"चालत आला," काशम्मा म्हणाली. "पाय दुकत हुता त्याचा. म्या म्हनलं खाऊन घे, तर म्हनं जोडीदार मागं हाय. दमलाय तो, त्याला काय बोलू नगा, आला की पयलं ताक द्या."

मी हिशेबी माणूस आहे. मला लगेच उलगडलं. कुणाच्या तरी बाइकवर बसून आला असणार, बांधाबांधानं, दुसऱ्या वाटेनं. म्हणजे मी पायी मरत होतो आणि हा आरामात! मला राग आला, आणि रागानं फार बरं वाटलं. गोळीचा विचार नाहीसा झाला. बाजेवर बसून मी माझी अर्धी खाल्ली. मग त्याचीही खाल्ली. काशम्मा दारातून बघत होती.

निघताना सहज खाली बघितलं. अंगणातून टायरच्या चपलांचे ठसे बाहेर पडले होते, वाटेला लागून चिंचेच्या दिशेला गेले होते. मी त्यांच्यामागं थोडा मागं गेलो. ठसे खोल होते, जड माणसाचे, एक टाच तिरकी. आणि प्रत्येक ठशावर माझ्या बुटाचा ठसा होता. मी येताना त्यांच्यावरून चालत आलो होतो.

मैंदर्गीचा मुक्काम एका मठाच्या ओसरीत होता. मी पोचलो तर माझी वळकटी उलगडलेली, चादर अंथरलेली. चादरीचा एक कोपरा उशीखाली दुमडलेला. शाळेच्या सहलीत शरणू तशीच अंथरायचा. चादर हातात घेतली तर कोमट पिठाचा वास आला.

"कुठं होतास तू?" शिवलिंगप्पांनी विचारलं. "शरणू आत्ता उठून गेला तुला बघायला. जेवला न्हाय अजून."

मी फोन लावला. रिंग गेली. कुणीतरी उचलला, मागं पाण्याचा आवाज होता.

"हॅलो, शरणू?"

"न्हाय ओ," अनोळखी बाईचा आवाज आला. "फोन हितंच कट्ट्यावर ठिवून गेले. कुणी विरेश हाय, त्येला बगायला गेले. तुमी कोन?"

मी नाव सांगितलं नाही.

त्या रात्री मी त्याच्यासाठी थांबलो, खरंच थांबलो. फडक्यावर दोन्ही अर्ध्या मांडून बसलो. पण चालून अंग मोडलं होतं, बसल्या बसल्या डोळा लागला. उजाडल्यावर शिवलिंगप्पांनी हलवलं.

"शरणू तुझ्याजवळ बसून होता. म्हणाला, झोपू दे त्याला. पहाटे पुढं गेला, दुधनीला ताक बघून ठेवतो म्हणाला."

दोन्ही अर्ध्या तशाच होत्या. माझ्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलेलं होतं.

त्यानंतर मी पळालो. खरोखरचा पळालो, बुटात रक्त येईपर्यंत. दुधनीत हॉटेलवाला म्हणाला, आत्ता गेले. दुसऱ्या दिवशी मी जागचा हललोच नाही, एका पुलावर बसून राहिलो. पुढच्या गावातून माणूस निरोप घेऊन आला, की तुमचा जोडीदार तिकडं उपाशी बसलाय, चला लवकर. मी उलटा चालत चिंचेपाशी जाऊन आलो. चिंचेखाली काही नव्हतं. वाटेतली मेंढरं राखणारी म्हातारी म्हणाली, ते आत्ता तुमच्या मागनंच गेले की.

ऋतुराजला मी विनवलं. तो तयार झाला. पुढच्या मुक्कामावरून त्यानं व्हिडिओ कॉल केला. "काका, धरूनच बसलोय त्यांना, हे बघा," तो हसत म्हणाला आणि कॅमेरा वळवला. पडद्यावर सतरंजी दिसली, फडकं, दोन अर्ध्या. ऋतुराजचा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा हवेत होता. त्यानं हाताकडं बघितलं, मग खाली घेतला.

"आत्ता होते," तो म्हणाला. "बहुतेक तुम्हालाच बघायला..."

जथ्यातल्या कुणालाच यात वावगं वाटत नव्हतं, हे मला सगळ्यात जड गेलं. त्यांच्या दृष्टीनं शरणू चालत होता, बोलत होता, गाणी म्हणत होता. चुकत होतो तो मी. हळूहळू सगळ्यांचं मत पडलं, की विरेश त्याला टाळतोय. एक दिवस ऋतुराज चालता चालता माझ्याशेजारी आला. मग म्हणाला, "काका, त्या दिवशी हातपंपावर त्यांनी ऐकलं होतं. तरी ते तुमच्याबद्दल वाईट एक शब्द बोलले नाहीत. एकदा भेटा ना त्यांना. वाळत चाललेत."

मी मान खाली घालून चालत राहिलो. खाली मातीत ठसे होते, टायरच्या नक्षीचे, पुढं गेलेले. पूर्वीइतके खोल नव्हते.

"अप्पा," मी एकदा शिवलिंगप्पांना विचारलं, "जोडी मोडली तर पुन्हा जोडायला काय करतात?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय करायचं? एका फडक्यावर बसून जेवा. झालं."

श्रीशैलला मी पोचलो. दर्शन घेतलं. मी पाताळगंगेच्या, कृष्णेच्या घाटाच्या, पायऱ्या उतरून अंघोळीला गेलो तेवढ्यात बाकीच्यांनी देवळाबाहेर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. कडेला शरणू उभा आहे. गळ्याची हाडं वर आलेली, शर्ट खांद्यावरून घसरलेला. सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. तो मान वळवून मागं, पायऱ्यांच्या दिशेला बघतोय.

आम्ही बसनं परत आलो. शरणू आधीच्या बसनं गेला होता. विरेशसाठी घरी भाकऱ्या सांगायच्या आहेत, असं म्हणाला म्हणे.

गल्लीत शिरताना गिरणीची घरघर ऐकू आली. मी आत गेलो. गिरणीचा पट्टा फिरत होता, वरच्या टोपात ज्वारी, खालच्या डब्यात पीठ पडत होतं. पिठात हात घातला. गरम होतं. दळणाला आलेली बाई म्हणाली, "आत्ता बाहेर गेले, तुमचंच नाव घेत." जमिनीवर पिठाचा थर होता, आणि त्यावर अनवाणी पावलं दाराकडं गेली होती. पीठ जेमतेम हललं होतं.

तेव्हापासून मी रोज दुपारी त्यांच्या घरी जातो. कारखान्यातून जेवायच्या सुट्टीत सायकल मारत. कधी लवकर जातो, कधी उशिरा. एकदा सकाळपासूनच ओट्यावर बसून राहिलो, तर जेवायच्या वेळी दानेश्वरी आतून म्हणाली, "अण्णा, ते तुमच्या घरी गेलेत की, तुमाला बोलवायला."

सैपाकघरात ताट असतं. एकच. त्यात मोडलेली भाकरी, दोन्ही अर्ध्या.

तिला मी सगळं सांगितलं. चिंच, ताक, गोळ्यांची पट्टी, काशम्माच्या बाजेवर खाल्लेली त्याची अर्धी. बोलताना माझी मान वर होत नव्हती. तिनं ऐकून घेतलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "सांगितलंय त्यांनी."

"काय सांगितलं?"

"की विरेशला भूक सहन होत न्हाय, लहानपणापासनं. त्याला कुणी काय म्हणू नका."

मी पट्टी तिच्यासमोर ठेवली. एकही गोळी फुटलेली नव्हती. तिनं ती उचलली नाही.

"जेवल्याबिगर कशी द्यायची?" ती म्हणाली. मग पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुमचं त्यांचं काय झालंय ते तुमी बघा. पण येळेवर येत जावा की ओ! तुमच्याशिवाय ते घास घेत न्हाईत. मी भरवायला बसले तरी तोंड मिटतात."

"मी रोज येतो, दानेश्वरी. तू बघतेस."

"तुमी ते गेल्यावर येता."

गंगम्मा भिंतीला टेकून बसलेली असते. पावलांच्या आवाजावरून मला ओळखते. हात पुढं करते, माझं मनगट चाचपते.

"ऊटा आतेनो?"

खोटं बोलता येत नाही तिच्याशी. मी जेवतो. सांगायला लाज वाटते, पण जेवतो. सकाळी जेवतो, संध्याकाळी जेवतो. तिच्या घरी दुपारी दोन अर्ध्यांसमोर हात जोडून बसतो, भोंगा होईपर्यंत वाट बघतो, आणि कारखान्यात परत जाऊन डबा उघडतो. एकदा ठरवलं, तो भेटेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी लूमच्या मागं उभा राहून, कुणी बघत नाही असं बघून, मी कुणाच्या तरी डब्यातली भाकरी खाल्ली.

कारखान्यात आता माझ्या हातून दोष सुटतात. चादर उजेडात धरतो आणि तिच्या पलीकडं बघत राहतो, कुणी येतंय का.

परवा अक्षय्य तृतीया झाली. काल दुपारी गेलो तर घरात शांत होतं. गिरणी चालू होती, तिची थरथर भिंतीत जाणवत होती. दानेश्वरी भांडी घासत होती. गंगम्मा म्हणाली, "आत्ताच गेला बघ."

मी ताटासमोर बसलो. दाराच्या मागं, खिळ्याला, शरणूचा पट्टा लटकत होता. तो रुंद, कातडी.

मी उठून तो हातात घेतला.

शेवटचं भोक, ते चिरेसारखं ताणलेलं, आता वाळून मिटत आलं होतं. त्याच्या आत आणखी भोकं होती. आधी पट्ट्याची मूळचीच, गोल, नीट. मग खिळ्यानं पाडलेली. एकामागं एक, बकलाकडं सरकत गेलेली. काहींच्या कडा मळलेल्या होत्या. सगळ्यात आतल्या भोकाला कातड्याचा भुसा अजून चिकटलेला होता.

मी बकलाची जीभ त्या भोकात घातली. पट्ट्याचं एक कडं झालं.

त्यातून हात घालून बघितला. बोटं गेली. मनगट गेलं नाही.

"आज सकाळीच पाडून घेतलं," दानेश्वरी मागून म्हणाली. तिच्या हाताला राख लागली होती. "सैल हुतंय म्हणाले. आजून एक लागंल."